जुन्या पात्रापलीकडची चौदा घरं

९ नोव्हेंबर १९५०, गुरुवार

बोहुश,

जिंकला! आपला भाऊ एमिल जिंकला! सहाशे अकरा मतांनी! अख्ख्या राज्यातून फक्त सहाशे अकरा! काल सकाळी पेपरात तो हरल्याची बातमी छापून आली होती, मी तो पेपर चुलीत घातला. आज अकराच्या सुमाराला पश्चिमेकडच्या शेवटच्या दोन काउंट्यांचे आकडे आले आणि पारडं फिरलं. अक्षर बघ कसं कोंबडी नाचल्यासारखं झालंय. कुचेरांच्या घरात गव्हर्नर! "याच्या हाती दुधाची बादली दिली की हा जमिनीला दूध पाजतो," असं बाबा ज्याला म्हणायचे, तो गव्हर्नर!

तू हे पत्र उघडशील, हे मला ठाऊक आहे. उत्तर देणार नाहीस, हेही ठाऊक आहे. दरवर्षी शेतातली खसखस पुरचुंडीत बांधून मला पाठवतोस, सोबत एक ओळ नसते. मी तेच पत्र समजते. एमिलच्या नावानं तेवढंही येत नाही, पण तो पुरचुंडी हातात घेऊन वास घेतो आणि परत ठेवतो. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आज मी इतकी आनंदात आहे की तोंड आवरत नाही.

कसा जिंकला ते ऐक. सोळाव्या वर्षापासून लग्नांत अकॉर्डियन वाजवत हिंडलेला पोरगा तो. राज्यात असं एक गाव नाही जिथं कुणाच्या तरी लग्नात त्यानं वाजवलेलं नाही. आम्ही सात महिने त्र्याण्णव काउंट्या पालथ्या घातल्या. गाडी मी चालवायची, मागच्या सीटवर अकॉर्डियन आणि फळं भरलेल्या गोड कोलाच्यांचं टोपलं. हॉलमध्ये शिरला की दोन नाच वाजवायचा, मग तीन मिनिटं भाषण, मग परत नाच. विरोधकांनी पत्रक काढलं, "गव्हर्नर हवा की बाजेवाला?" पुढच्या सभेत यानं ते स्वतःच वाचून दाखवलं आणि म्हणाला, "मंडळी, बाजेवाल्याला निदान ठेका तरी कळतो!" हॉल नुसता दणाणला. पायांना फोड आले, घसा बसला, वजन अठरा पौंड वाढलं. प्रत्येक गावच्या बायकांना वाटायचं की याच्या पोटात आमचेच कोलाचे जायला हवेत.

तुमच्या चौदा घरांना मतं असती तर सहाशे अकराचे साडेसहाशे झाले असते. चिडू नकोस. बाबांच्या घराच्या पायरीवर उभं राहिलं की तुझ्या कोठाराचं छप्पर दिसतं. मध्ये पाण्याचा थेंब नाही, वाळू आणि कॉटनवुडची झाडं. तरी हे पत्र आधी नदी ओलांडून आयोवात जाईल आणि मग होडीतून तुझ्याकडे परत येईल. मिसुरी माईनं त्रेचाळीसच्या पुरात उडी मारली आणि तुझ्या शेताच्या पलीकडून वाहू लागली. हळूहळू सरकली असती तर सीमाही तिच्याबरोबर सरकली असती. उडी मारली म्हणून सीमा जुन्या कोरड्या पात्रातच राहिली. तुम्ही आमच्या काठाला येऊन चिकटलात आणि कागदावर आयोवातच राहिलात. ना त्यांचा रस्ता, ना आमचा. हे सगळं एमिलला पाठ आहे. तो म्हणाला आहे, "पहिलं काम तेच." तुला सांगू नकोस म्हणाला. सांगितलं.

तुझी रोझी


५ जानेवारी १९५१

बोहुश,

शपथविधी झाला. मी निळा झगा घातला होता. एमिलनं लग्न केलेलं नाही, त्यामुळे सरकारी बंगल्याची यजमानीणबाई आता मी! चौदा खोल्या आहेत आणि एकही कोयंडा धड लागत नाही. स्वयंपाकीण आयरिश आहे, डम्पलिंगला "ओला पाव" म्हणते. तिला सरळ करायला मला एक आठवडा पुरेल.

उपगव्हर्नर झालाय क्लाइड बॅसेट. दुसऱ्या पक्षाचा. आपल्याकडे दोघांची निवडणूक वेगवेगळी होते ना, त्यामुळे घोड्याला एकीकडे आणि गाडीला दुसरीकडे जुंपल्यासारखी गत. बॅसेट माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मिस कुचेरा, तुमच्या भावाची तब्येत जपा हं." मी म्हटलं, "तुमची वाट बघायची तयारी दांडगी दिसते, मिस्टर बॅसेट."

भाषणात एमिलनं जुन्या पात्राचा उल्लेख केला. आनेझ्काचं नाव घेतलं नाही. घेता आलं नसतं त्याला. बोहुश, तुझी बायको गेली त्या दिवशीचं मी विसरलेय असं समजू नकोस. बर्फ काढायचं यंत्र जुन्या पात्रापर्यंत आलं आणि थांबलं, कारण पलीकडे आयोवा. काउंटीचं यंत्र पलीकडे न्यायचं नाही, या हुकमावर काउंटीच्या वकिलाची सही होती, आणि काउंटीचा वकील एमिल होता. तुझा राग खोटा आहे असं मी कधी म्हटलं नाही. त्या दिवसापासून तू आमच्या राज्यात पाऊल टाकलेलं नाहीस, मीठ आणायलासुद्धा होडीनं आयोवात जातोस. ठीक आहे. पण तो त्या हुकमावर नवा कागद आणायला निघालाय, एवढं ऐकून ठेव.

रोझी


२२ मार्च १९५३

बोहुश! बोहुश!

तुझं कार्ड! तुझ्या हाताचं! एमिलच्या नावावर! मी ते तीनदा वाचलं, स्वयंपाकिणीला वाचून दाखवलं, दारावरच्या पोलिसालाही वाचून दाखवलं. "व्लास्ताचं लग्न सोळा मेला आहे. पोरीची इच्छा आहे की एमिलनं वाजवावं. माझी ना नाही. बो." चौदा-पंधरा शब्द! पण त्यासाठी मी नऊ वर्षं डोळे लावून बसले होते.

एमिलला ऑफिसात नेऊन दिलं तेव्हा समोर बँकवाले बसले होते. त्यानं कार्ड वाचलं, उलटं करून पाहिलं, परत वाचलं आणि म्हणाला, "महाशय, आजची बैठक संपली." ते गेल्यावर कपाटातून अकॉर्डियन काढलं आणि गव्हर्नरच्या खुर्चीत बसून वाजवू लागला! टायपिस्ट मुली दारात जमल्या. गेल्या नोव्हेंबरात दुसऱ्यांदा निवडून आला, चाळीस हजारांनी, तेव्हासुद्धा त्याचा चेहरा असा फुलला नव्हता.

आणि ऐक, सगळं एकदमच जुळून येतंय. सीमेचं विधेयक आयोवानं फेब्रुवारीत मंजूर केलं. दोन वर्षं एमिलनं त्यांचे उंबरे झिजवले, तेही बहुतेक फोनवरून आणि पत्रांतून, का ते पुढच्या पत्रात सांगते. आमच्या सभागृहात मेमध्ये शेवटचं मतदान. ते झालं आणि एमिलची सही पडली की जुन्या पात्रापलीकडची चौदा घरं आमच्या राज्यात. रस्ता, वीज, शाळेची बस, बर्फाचं यंत्र. वॉशिंग्टनचा शिक्का नंतर येईल, पण त्याला कोणी अडवत नाही.

व्लास्ताला सांग, आत्या बदक भाजायला येणार. आणि आंबट कोबी मी माझ्या हातचा आणणार, तुझ्या हातचा कोणी खाणार नाही.

रोझी


१३ मे १९५३, बुधवार

बोहुश,

आता डोकं थंड ठेवून वाच. तुझा स्वभाव मला माहीत आहे, दोन ओळी वाचून पत्र फेकशील आणि "आला बहाणा" म्हणशील. बहाणा नाही.

आपल्या राज्याचा कायदा असा: गव्हर्नरचं पाऊल राज्याबाहेर पडलं की त्या क्षणी उपगव्हर्नर गव्हर्नर होतो. परत येईपर्यंत सगळे अधिकार त्याचे. तू म्हणशील, त्यात काय मोठं? गेल्या वर्षी एमिल शिकागोला सभेला गेला. आगगाडीनं पूल ओलांडला आणि तीन तासांच्या आत बॅसेटनं आपल्या मेव्हण्याला राज्याच्या मत्स्य खात्याचा प्रमुख नेमलं. त्या माणसाला साधा गळ टाकता येत नाही! तेव्हापासून एमिल राज्याबाहेर गेलेला नाही.

आणि तुझं शेत, माझ्या राजा, अजून राज्याबाहेर आहे.

शेवटचं मतदान ठरलंय शनिवारी सकाळी दहाला. सोळा तारीख! व्लास्ताच्या लग्नाचाच दिवस! बॅसेटनं मुद्दाम तो दिवस काढला असं मी म्हणत नाही, पण तो आठवडाभर शीळ घालत हिंडतोय. त्याला हे विधेयक नको आहे. म्हणतो, "चौदा घरं, एक मत नाही, त्यांच्यासाठी डांबर ओतायचं?" सहीच्या आधी एमिल जुनं पात्र ओलांडून तुझ्याकडे आला तर बॅसेट गव्हर्नर होईल आणि त्याच मिनिटाला व्हेटो मारेल. मग रस्ता विसरा, अजून दोन वर्षं तरी.

म्हणून असं ठरवलंय. विधेयकावर सही कुठंही करता येते, राज्याच्या आत असलं म्हणजे झालं. एमिल सकाळीच बाबांच्या घरापाशी येऊन थांबेल, जुन्या पात्राच्या अलीकडे. मतदान झालं की सभागृहाच्या कारकून मिस ऑडेल कागद घेऊन गाडीनं निघतील. नव्वद मैल. साडेबाराला पोचतील. एमिल गाडीच्या बॉनेटवर सही करेल आणि अकॉर्डियन गळ्यात अडकवून पलीकडे येईल. एक वाजताच्या लग्नाला वेळेवर. काय बेत आहे! मला तर रात्री झोप येत नाही नुसती.

तो काठावर उभा दिसला तर हसू नकोस आणि चिडूही नकोस. अर्धा तास धीर धर. तुझ्यासाठीच उभा असेल तो.

रोझी


१७ मे १९५३, रविवार

बोहुश,

हे पत्र बर्फयंत्रवाल्या फ्रँक ह्रुष्काच्या हाती पाठवते आहे. तो तुला ते आजच देईल. बसून वाच. कालचं जे तुला दिसलं तेवढंच खरं नाही.

तुला काय दिसलं? एमिल साडेअकरापासून कॉटनवुडच्या खाली उभा. मी शेजारी, माझा आंबट कोबी मांडीवर. तुझ्याकडून बदकाचा वास येतोय, मांडवात लोक जमताहेत. साडेबारा वाजले, एक वाजला. रस्त्यावर धूळ नाही. व्लास्ता पांढऱ्या झग्यात पात्राच्या पलीकडच्या काठावर आली आणि ओरडली, "एमिल काका! ये ना! पाद्री थांबलेत!"

"आलोच पोरी! कागद येऊ दे!"

"कसला कागद?"

"तुझ्या बापाला ठाऊक आहे!"

तिला काही कळलं नाही. हिरमुसली आणि परत गेली. लग्न लागलं. संगीताशिवाय लागलं, आम्ही इकडून ऐकत होतो. एमिलच्या तोंडाकडे बघवेना. दोन वाजले. मग तू आलास. हाताची घडी घालून उभा राहिलास, मागे सगळे वऱ्हाडी. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तू आपल्या भावाशी बोललास.

"कागद आला का रे, एमिल?"

एवढंच. शांतपणे. बोहुश, तू थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं. मी एमिलचा हात धरला. म्हटलं, "ऐकू नकोस. चिडवतोय तो. अर्धा तास थांब, फक्त अर्धा तास!" त्यानं माझा हात सोडवला. म्हणाला, "रोझी, मागच्या वेळीही आपण कागदासाठीच थांबलो होतो." आणि चालू लागला. वाळूत बूट रुतत होते, अकॉर्डियन छातीवर आपटत होतं, आणि राज्याचा गव्हर्नर जुन्या पात्राच्या मधोमध पोचला आणि गव्हर्नर राहिला नाही. तुला वाटलं असेल, सही आधीच झाली असणार, किंवा विधेयकाचं काही खास नसणार. नाही. त्याला पुरतं ठाऊक होतं आपण काय करतोय ते.

पुढे तो संध्याकाळपर्यंत कसा वाजवत होता ते तू पाहिलंसच. मी आयुष्यात त्याला असं वाजवताना ऐकलं नाही. तू त्याच्याशी बोलला नाहीस, पण बिअरचा ग्लास त्याच्या खुर्चीशी ठेवलास. मी पाहिलं. तो ग्लास त्यानं शेवटपर्यंत पुरवून पुरवून प्यायला.

आता जे दिसलं नाही ते. विधेयक सकाळी दहा चाळीसला मंजूर झालं, अठ्ठावीस विरुद्ध पंधरा. पण सभागृहाचा अध्यक्षही उपगव्हर्नरच. कागदावर आधी त्याची सही लागते, मगच तो गव्हर्नरकडे जातो. बॅसेट जेवायला गेला. त्या माणसानं तीन तास जेवण केलं! मिस ऑडेल बिचाऱ्या हॉटेलच्या दारात कागद घेऊन उभ्या. तुमच्या वऱ्हाडात एक पिवळा टाय बांधलेला तरुण होता ना, नवऱ्या मुलाचा, डेलचा मित्र म्हणून आलेला? तो डेलचा कोणी नाही. एमिलनं पात्र ओलांडताच तो पेट्रोल पंपावर फोनकडे धावला. दोन वाजून पंचवीस मिनिटांनी बॅसेटनं एका हातानं अध्यक्ष म्हणून सही केली आणि दुसऱ्या कागदावर गव्हर्नर म्हणून व्हेटो. मला वाटतं, त्यानं पेनसुद्धा खाली ठेवलं नसेल.

रस्ता गेला, बोहुश. तुझा आणि तेरा घरांचा. एमिलनं तुला हे सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

पण अजून संपलं नाही! उद्या सोमवार, अधिवेशनाचा शेवटचा दिवस, दहाला पुन्हा मतदान. व्हेटो मोडून काढायला त्रेचाळीसांपैकी सव्वीस मतं लागतात. तुला वाटेल, अठ्ठावीस होतीच की. होती. पण चारजण बॅसेटच्या धाकानं मागे सरले, आता चोवीस आहेत. दोन हवीत. मी आज चर्चमधून निघाले ती थेट घरोघर फिरले. सिनेटर लुंडग्रेन आणि म्हातारे सिनेटर पीबडी, दोघं एकच म्हणतात: "मिस कुचेरा, दोन वर्षं आम्ही गव्हर्नरकडून ऐकतोय. त्या चौदा घरांतल्या एका माणसानं येऊन 'आम्हाला हे हवंय' असं म्हटलेलं नाही. त्यांना नको असेल तर?" आणि कोणी का आलं नाही, ते आपल्या दोघांना माहीत आहे. तू सगळ्यांना सांगितलंस, भीक मागायला जायचं नाही.

तू ये. उद्या. तुझ्याशिवाय हे व्हायचं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. तीनदा पेन खाली ठेवलं. तू हे वाचून माझं तोंड पाहणार नाहीस, आणि तो तुझा हक्क आहे. पण ज्या रागापायी तू जुनं पात्र ओलांडत नाहीस, तो चुकीच्या माणसावर आहे.

चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत मी एमिलच्या ऑफिसात टायपिस्ट होते. तो हुकूम मीच टाइप केला. त्यात काय होतं? काउंटीचं यंत्र वकिलाच्या परवानगीशिवाय पलीकडे न्यायचं नाही. "परवानगीशिवाय," बोहुश. त्या सकाळी फ्रँक ह्रुष्काचा दुकानातून फोन आला. "कुचेरांच्या बायकोचं काही खरं दिसत नाही, डॉक्टर माझ्या यंत्रामागं थांबलाय, जाऊ का पलीकडे?" एमिल ऑफिसात नव्हता. वीस मैलांवरच्या शाळेत भाषण देत होता, तिथं फोन नव्हता. मी "जा" म्हणू शकत होते. कोण मला तुरुंगात टाकणार होतं? मी तो कागद काढला आणि ह्रुष्काला वाचून दाखवला. म्हटलं, "थांब, एमिलला विचारते." माणूस पाठवून एमिलला शोधायला दोन तास गेले. जवळच्या गावात येऊन तो फोनवर माझ्यावर किंचाळला, "विचारतेस काय? पाठव!" तोपर्यंत काय झालं होतं ते तुला माहीत आहे.

स्मशानात तू विचारलंस, "सही कुणाची?" मी तोंड उघडलं होतं. एमिल म्हणाला, "माझी." घरी येताना गाडीत त्यानं मला सांगितलं, "तू गप्प राहायचं. त्याला एक तरी भावंड राहू दे." आणि मी गप्प राहिले. नऊ वर्षं त्यानं तुझा राग खाल्ला आणि मी तुझी खसखस.

उद्या पहाटे साडेपाचपासून मी बाबांच्या घरापाशी गाडी घेऊन उभी असेन. साडेआठपर्यंत थांबेन. माझ्या शेजारी बसायचं नसेल तर मागे बस. माझ्याशी नऊ वर्षं बोलू नकोस, अठरा वर्षं बोलू नकोस, पण ये.

रोझी


१८ मे १९५३, सोमवार संध्याकाळ

लाडक्या व्लास्ता,

तू आणि डेल तिकडे सरोवराकाठी मजेत आहात आणि इकडे काय काय घडलं! बस खाली! डेललाही बसव!

तुझ्या बापानं जुनं पात्र ओलांडलं!

साडेआठला मी गाडी चालू केली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, समोरचं दिसत नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी बॉनेटवर थाप मारली. तुझा बाप! लग्नातला सूट, दाढी केलेली, बूट हातात, वाळू आत जाऊ नये म्हणून. बूट घातले, पुढचं दार उघडलं आणि बसला. मी काही बोलायला गेले तर म्हणाला, "रस्त्याकडे बघ." नव्वद मैल, पोरी, नव्वद मैल तो दुसरा एक शब्द बोलला नाही. मी इतक्या वेगानं गाडी कधीच चालवली नव्हती. पोलिसानं अडवलं, मला ओळखलं आणि पुढे मोटारसायकल काढून वाट करून दिली!

दहाला पाच कमी. कॅपिटॉलच्या जिन्यावरून मी धावत आणि तो सावकाश, गाई घरी आणल्यासारखा. लुंडग्रेन आणि पीबडी दाराशीच होते. मी ओळख करून दिली. पीबडी कानामागे हात धरून म्हणाले, "मिस्टर कुचेरा, तुम्हाला आमच्या राज्यात यायचंय का?"

तुझ्या बापानं टोपी काढली. तू कधी त्याला कुणापुढे टोपी काढताना पाहिलंस? म्हणाला, "मी मागायला आलो नाही. चौदा घरांत अकरा लहान पोरं आहेत. पुढच्या वेळी यंत्रवाला पात्राशी येईल तेव्हा त्याला कुणाला फोन करावा लागू नये. एवढंच हवंय." मी खांबाला धरून उभी राहिले.

मग मतदान! तुझा बाप आणि मी गॅलरीत. नावं पुकारली जाताहेत, मी बोटांवर मोजतेय, माझ्या बोटांची गल्लत होतेय. चोवीस. लुंडग्रेन, "हो!" पंचवीस. मग एक "नाही", दोन "नाही", पाच "नाही". पीबडींचं नाव आलं आणि म्हाताऱ्याला ऐकूच येईना! दोनदा पुकारलं! माझी पाचावर धारण बसली. शेवटी शेजाऱ्यानं ढोसलं तेव्हा उठून एवढ्या मोठ्यानं "हो" म्हणाले की सगळे हसले. सव्वीस! बरोब्बर सव्वीस! आणि व्हेटो मोडल्याचं जाहीर करायला कोण? अध्यक्ष महाराज क्लाइड बॅसेट! त्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं. कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून त्यानं हातोडी आपटली. मी गॅलरीतून ओरडले आणि शिपायानं मला बाहेर काढलं. गव्हर्नरच्या बहिणीला!

एमिल काका ऑफिसात एकटाच फेऱ्या मारत होता. दार उघडून तुझा बाप आत गेला. मी बाहेरच थांबले, पण दार पुरतं लागलं नव्हतं आणि मी काही संत नाही. मग तुझा बाप म्हणाला, "शनिवारी तिसऱ्या नाचात तुझा ठेका चुकला." आणि एमिल काका हसायला लागला, हसता हसता रडायला लागला, आणि दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले. मग मी दार लावून घेतलं.

पण तुला हे पत्र लिहितेय ते वेगळ्याच कारणानं. व्लास्ता, तुझ्या आईच्या बाबतीत माझ्या हातून काय झालं ते मी काल तुझ्या बापाला लिहून कळवलं. तुलाही सांगणार आहे, समोर बसून, परत आलीस की. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव. पण त्याचं काय झालं ते आजच सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

परत येताना साठ मैल झाले तरी तो गप्प. मला सहन होईना. म्हटलं, "बोहुश, शिव्या घाल. माझं पत्र वाचलंस ना?"

"वाचलं."

"मग?"

"नवं काय होतं त्यात?"

मी गाडी बाजूला घेतली. तो काचेतून शेताकडे बघत होता. म्हणाला, "फ्रँक ह्रुष्कानं मला त्याच वसंतात सांगितलं होतं. फोनवर कोण होतं, काय वाचून दाखवलं, सगळं."

"नऊ वर्षं तुला माहीत होतं? मग माझ्यावर का नाही चिडलास? एमिलवरच का?"

तुझ्या बापानं काच खाली केली. मग म्हणाला, "दोघांवर चिडलो असतो तर माझं कोण उरलं असतं, रोझी? एमिलच्या मागे गावंच्या गावं होती. त्याला एक भाऊ नसला तरी चाललं असतं. म्हणून त्याच्यावर चिडलो."

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. त्यानं खिशातून रुमाल काढला, तुझ्या लग्नातला, केकचा डाग असलेला, आणि माझ्या मांडीवर टाकला.

"पुरे आता," तो म्हणाला. "गाडी चालू कर. गाई खोळंबल्यात."

तुझी,
रोझी आत्या